फॉन्टमधली पर्यायी अक्षरं वापरताना मजकूर का तुटतो आणि कसा सांभाळायचा

प्रश्न थोडक्यात असा: जत्रेच्या फलकासाठी अडोबी कंपनीच्या इलस्ट्रेटर या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये ‘श्री शांतादुर्गा जत्रोत्सव’ हे शीर्षक लावलं. ग्लिफ पॅनेलमधून, म्हणजे फॉन्टमधले सगळे आकार दाखवणाऱ्या खिडकीतून, शेपटीवाला श घेतला तर पुढचा काना आणि अनुस्वार निसटला आणि ठिपक्यांचं वर्तुळ आलं. खालच्या ओळींतले ल आणि श हिंदी वळणाचे आले. आणि फ्लेक्सवाल्याकडे फाइल उघडली तेव्हा निवडलेली सगळी पर्यायी अक्षरं साधी होऊन बसली.

तीन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे. फाइलमध्ये साठवलेलं असतं ते अक्षर, आणि पडद्यावर दिसतो तो त्या अक्षराचा आकार, म्हणजे ग्लिफ. युनिकोडला, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीला, श हा एकच ठाऊक आहे. त्याचे चार आकार फॉन्टच्या पोटात असतात. कुठला आकार कधी दाखवायचा याचे नियमही फॉन्टमध्येच लिहिलेले असतात, त्यांना ओपनटाइप फीचर म्हणतात. मजकूर जसाच्या तसा ठेवून फक्त नियम चालू-बंद केला तर काही मोडत नाही. आकार हाताने उचलून मजकुरात खोचला की मोडतोड सुरू होते.

आधी पहिली तक्रार. देवनागरीत फॉन्ट एकेक अक्षर स्वतंत्रपणे काढत नाही, अख्खा अक्षरगट एकदम हाती घेतो. ‘शिगमो’ टाइप करताना आधी श येतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पण काढताना वेलांटी श च्या आधी जाते. ‘शांतादुर्गा’त र आधी टाइप होतो आणि रफार होऊन गा च्या डोक्यावर बसतो. ही हलवाहलव होण्यासाठी गटातल्या सगळ्या खुणांना सारखंच फॉरमॅटिंग लागतं. तुम्ही फक्त श निवडून त्याला वेगळा ग्लिफ दिलात, म्हणजे गटाच्या मधोमध भिंत घातलीत. पलीकडे उरलेल्या काना-अनुस्वाराला आधाराला अक्षर नाही, म्हणून ते ठिपक्यांचं वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे प्रोग्रॅमने केलेली तक्रार समजा.

वेलांटीचा आणखी एक सूक्ष्म घोटाळा होतो, जो चटकन दिसत नाही. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटीचे अनेक आकार असतात, कमी-जास्त लांबीच्या कमानींचे. ‘नि’साठी आखूड, ‘स्थि’साठी लांब, म्हणजे कमान बरोबर दंडावर येऊन टेकते. ही निवड फॉन्ट आपोआप करतो. गट तुटला की सगळीकडे एकच ठरावीक कमान येते आणि ती अधांतरी लोंबते. ए-फोर कागदावर हे खपून जातं. १० फुटी फलकावर नाही.

तेव्हा इलस्ट्रेटरमध्ये क्रम असा ठेवा. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा. मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर (मजकूर जुळवणारी यंत्रणा) लावा. इनडिझाइनमध्ये त्याच जागी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर आहे. हे न करता देवनागरी लिहिलं तर जोडाक्षरंच नीट होणार नाहीत, पर्यायी अक्षरं दूरची गोष्ट. मग विंडो मेनूतल्या टाइपमधून ओपनटाइप पॅनेल उघडा, शॉर्टकट ऑल्ट-शिफ्ट-कंट्रोल-टी. अख्खा शब्द निवडा, निदान पूर्ण अक्षरगट, आणि स्टायलिस्टिक सेट, म्हणजे एकदम चालू-बंद होणारा पर्यायी आकारांचा संच, लावा. असे सेट एका फॉन्टमध्ये २०पर्यंत असू शकतात, पण बहुतेक फॉन्टांत दोन-चार सापडले तरी पुष्कळ. सेट लावल्यावर शब्दातली नको ती अक्षरंही बदलली, तर त्या अक्षरगटांपुरता सेट बंद करा. गट पूर्ण निवडायचा, म्हणजे ‘शां’ निवडायचं, एकटा श नाही.

ग्लिफ पॅनेल निरुपयोगी नाही. एखाद्या अक्षराला कोणकोणते पर्याय आहेत हे बघायला ते उत्तम: अक्षर निवडा आणि ‘शो’ यादीत ‘ऑल्टरनेट्स फॉर करंट सिलेक्शन’ घ्या. रोमन मजकुरात तिथूनच दोनदा क्लिक करून आकार घ्यायलाही हरकत नाही, कारण तिथे एका अक्षराचा दुसऱ्यावर इतका भार नसतो. देवनागरीत मात्र पॅनेल बघण्यापुरतं आणि बदल सेटमधून, अशी वाटणी ठेवली की डोकेदुखी कमी होते. फॉन्टमध्ये नेमकं काय आहे हे विकत घेण्याआधी किंवा उतरवल्यावर पाहायचं असेल तर वाकामाई फाँड्यू नावाचं संकेतस्थळ आहे. फॉन्टची फाइल त्यात ओढून टाकली की फीचरांची पूर्ण यादी नमुन्यांसकट समोर येते.

कोरलड्रॉवर काम करत असाल, आणि फ्लेक्सच्या धंद्यात बहुतेक जण तिथेच असतात, तर ओपनटाइपची सोय एक्स-सिक्सपासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ती शोधत बसू नका. कंट्रोल-टीने टेक्स्टचा डॉकर, म्हणजे बाजूची खिडकी, उघडतो, त्यात फीचर मिळतात. कंट्रोल-एफ-अकराने उघडणारा इन्सर्ट कॅरॅक्टर हा वेगळा प्रकार आहे. तिथून देवनागरी आकार खोचला की वर सांगितलेलं सगळं दुखणं परत येतं. पैसे न भरता काम करायचं तर इंकस्केपमध्ये टेक्स्ट अँड फॉन्टच्या खिडकीत फीचर्स नावाचा टॅब आहे. देवनागरी तिथे कुठलीही सेटिंग न बदलता नीट जुळते.

आता ल आणि श. हे पर्यायी अक्षरांतलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण आहे, आणि बहुतेक डिझायनर त्याला पर्यायी अक्षर समजतच नाहीत. मराठीचा ल पाकळ्यांचा, हिंदीचा दंडाचा. मराठीचा श देठाचा, हिंदीचा शेंडीफोड्या. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. गोव्यात तो निर्णय बंधनकारक नाही, पण इथल्या मराठी वाचकाचा डोळा त्याच वळणावर वाढलेला आहे. फलकावर हिंदी ल आला की मजकूर दिल्लीहून छापून आल्यासारखा दिसतो, मग आत कितीही अस्सल पेडण्याची मराठी असो.

दोन्ही वळणं ठेवणाऱ्या फॉन्टांत हा बदल भाषेला बांधलेला असतो. नोटो सान्स देवनागरीत मजकुराची भाषा मराठी ठरवली की ल आणि श आपोआप बदलतात. कॅरॅक्टर पॅनेलच्या तळाशी भाषेची यादी असते, तिथे ‘मराठी’ निवडा. इंग्रजी तसंच राहिलं असेल तर फॉन्टला बिचाऱ्याला कळणार कसं? काही फॉन्टांत भाषेचा नियम नसतो, पण तेच आकार एखाद्या स्टायलिस्टिक सेटमध्ये ठेवलेले असतात. आणि काहींत ते नसतातच, तेव्हा फॉन्ट बदलणं हाच उपाय. तिरो देवनागरीचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच आहेत. त्यातला मराठी घेतला की भाषेची सेटिंग विसरलात तरी अडत नाही, म्हणून घाईच्या कामाला तो बरा.

गोव्यात एक जास्तीची पायरी आहे. फलकावर मराठीच्या शेजारी देवनागरी कोंकणी असते. अडोबीच्या भाषांच्या यादीत कोंकणी नसते. ओपनटाइपमध्ये कोंकणीला स्वतःची खूण आहे, पण फॉन्ट करणाऱ्यांनी अनेकदा नियम फक्त मराठीच्या खुणेवर लिहिलेला असतो. म्हणून कोंकणी ओळींनाही भाषा मराठीच द्या. हे केवळ आकारासाठी; प्रोग्रॅममधल्या शुद्धलेखन-तपासनिसाने कोंकणी शब्दांखाली लाल रेघा ओढल्या तर ओढू देत. वेबसाइटवर मात्र असं करू नका. तिथे भाषेची खूण स्क्रीन रीडर आणि शोधयंत्रंही वाचतात, म्हणून कोंकणीला कोंकणीचीच खूण हवी. तिथे ल-श साठी असा फॉन्ट निवडा ज्याची मूळ रूपंच मराठी वळणाची आहेत.

फॉन्ट पारखायला ‘लाल शाल’ एवढं लिहून बघा. मग अर्धी रूपं बघा: कल्याण, हल्ली, वैश्य, विश्व, निश्चय. पूर्ण ल मराठी झाला पण ‘ल्या’तला अर्धा ल हिंदीच राहिला, अशी अर्धवट कामं काही फॉन्टांत सापडतात. एकाच शब्दात दोन वळणांचे ल दिसण्यापेक्षा सरळ सगळे हिंदी असलेले परवडले.

याच्याच शेजारी र ची भानगड. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. एकात रफार, दुसऱ्यात डोळ्याच्या पापणीसारखा र. इथे सजावटीचा संबंध नाही, अर्थच बदलतो. ‘किनाऱ्यावर कचरा टाकू नका’ हा फलक ‘किनार्यावर’ होऊन छापला गेला तर चूक फॉन्टची नसून टायपिंगची असते. पापणीचा र दोन रीतींनी टाइप होतो. एक म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, मग य. दुसरी म्हणजे नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग य. पहिल्या रीतीत तो अदृश्य जॉइनर मजकूर इकडून तिकडे चिकटवताना गळून पडतो आणि मागे रफार उरतो. मजकूर व्हॉट्सॲपवरून आला, मग मेलमध्ये गेला, मग कोरलमध्ये उतरला, अशा प्रवासात हे सहज घडतं. दुसरी रीत गळत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, की ऱ्य तयार. ग्राहकाकडून आलेल्या मजकुरात ‘ऱ्या’ची जागा शोधून एकदाच बदलून घ्या: किनाऱ्यावर, पायऱ्या, शेतकऱ्यांना, वाऱ्याने. हे शब्द गोव्यातल्या फलकांवर हमखास असतात.

जुन्या फॉन्टांबद्दलही सांगायला हवं. श्रीलिपी, आकृती यांच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत पर्यायी आकार कीबोर्डच्या वेगवेगळ्या जागांवर ठेवलेले असत आणि ऑल्ट दाबून आकडा टाइप केला की ते येत. त्या पद्धतीत मजकूर आणि आकार वेगळे नव्हतेच. जो आकार तोच मजकूर. म्हणून तिथे श च्या जागी दुसरा श ठेवला तरी काना हलत नसे. ज्यांचा हात त्या सवयीवर बसला आहे ते युनिकोड फॉन्टमध्येही तसंच करायला जातात आणि फसतात. जुन्या फाइलमधला मजकूर नवीन फॉन्टमध्ये घ्यायचा तर आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, नुसतं फॉन्टचं नाव बदलून भागत नाही. रूपांतरानंतर रफार, पापणीचा र, ॲ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ॲ वर विशेष लक्ष ठेवा, कारण हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. जुने कन्व्हर्टर अ वर चंद्र ठेवून काम भागवतात, दिसायला सारखं, शोधायला गेलं तर सापडत नाही.

तिसरी तक्रार, छापखान्यातली. जिवंत मजकुराची फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की तिथला प्रोग्रॅम अक्षरं नव्याने जुळवतो. तिथे फॉन्टची आवृत्ती वेगळी असेल, किंवा इलस्ट्रेटरची फाइल कोरलमध्ये उघडली असेल, तर तुमचे सेट गेले. मजकूर शाबूत असतो, म्हणून वाचता येतो आणि घाईत कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाय जुनाच: दोन फाइली. एक स्वतःजवळ, जिवंत मजकुराची. दुसरी छपाईला, अक्षरांचे आउटलाइन केलेली, म्हणजे अक्षरं नुसत्या वक्र रेषांच्या आकारांत बदललेली. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू. शुद्धलेखन आणि जत्रेची तारीख हे दोन्ही आउटलाइनच्या आधी तपासा. नंतर ‘दुर्गा’चा रफार राहिला म्हणून कळलं तर वक्र रेषांमधून तो घडवत बसावं लागतं.

आउटलाइन केल्यावर देवनागरीत एक काम उरतं, ते रोमनमध्ये नसतं. शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रेषा शेजारच्या अक्षरात किंचित घुसवलेली असते. शाईत ते दिसत नाही. पण आउटलाइन झाल्यावर प्रत्येक सांध्याशी दोन आकार एकमेकांवर चढलेले राहतात. कोरलमध्ये ते एकत्र कंबाइन केले तर जिथे चढले तिथे पांढरा चौकोन पडतो. अक्षरांना बाहेरून रेघ दिली तर शिरोरेषेत उभे काप दिसतात. पारदर्शकता दिली तर सांधे गडद होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कटिंग प्लॉटर. गाडीच्या काचेवरच्या स्टिकरसाठी तीच फाइल दिली तर सुरी प्रत्येक सांध्यावर चालते आणि ‘श्री’ काढताना शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी हातात येते. म्हणून आउटलाइननंतर एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करा: इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट, कोरलमध्ये वेल्ड. मग आउटलाइन व्ह्यूमध्ये जाऊन शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोठी करून बघा, आत एकही आडवी-उभी रेघ उरता कामा नये. लांब शेपटीचं पर्यायी अक्षर खालच्या उकाराला छेदून जात असेल तर वेल्डने ते दोन्ही एक होतात आणि मधला पोकळ भाग बुजतो. तिथे वेल्डच्या आधी शेपटीचे दोन बिंदू सरकवून जागा करा.

शिरोरेषेचा विषय निघालाच आहे तर: अक्षरांतलं अंतर वाढवू नका. ट्रॅकिंग वाढलं की आधी सांध्यांतला घुसवा संपतो आणि मग रेषा तुटते. शीर्षक रुंद हवं असेल तर रुंद अक्षरांचा फॉन्ट घ्या.

किती पर्यायी अक्षरं वापरायची, याला नियम नाही पण अंदाज आहे. शीर्षकात एक. फार तर दोन, तीही शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी. ‘श्री शांतादुर्गा जत्रोत्सव’मध्ये मोह होतो तो शां च्या श ला शेपटी द्यायचा आणि शेवटच्या व लाही. शेवटचा व एकटा पुरे. ‘श्री’ची दीर्घ वेलांटी मुळातच डौलदार आहे, तिच्या शेजारी आणखी शेपूट आली की दोघींचा डौल जातो. हस्ताक्षरी वळणाच्या फॉन्टांत पर्यायी अक्षरांचं खरं काम वेगळं असतं: एकाच शब्दात दोन त आले तर दोन्ही हुबेहूब सारखे दिसू नयेत, नाहीतर हाताने लिहिल्याचा भास तिथेच मोडतो. तिथे कॉन्टेक्स्च्युअल ऑल्टरनेट्स, म्हणजे शेजारची अक्षरं बघून आकार आपोआप बदलणारं फीचर, चालू ठेवा आणि बाकी फॉन्टवर सोपवा.

लांबून वाचायच्या फलकाला मापाचं बंधन आहे. फलक रंगवणाऱ्यांचा ठोकताळा १० फुटांमागे १ इंच उंचीचा. ५० फुटांवरून वाचायचं तर ५ इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची, वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार धरायचे नाहीत. म्हणजे पूर्ण ओळीला त्याच्या जवळजवळ दुप्पट जागा लागते, आणि शेपटीवाली अक्षरं असतील तर त्याहून जास्त. व्हिनाइलमध्ये २ मिलिमीटरहून बारीक शेपटी ठेवू नका, सोलतानाच उचकटते. चिकटली तरी पावसाळ्यात टोकापासून सुटते.

रोमन बाजूबद्दल थोडं, कारण गोव्यात फलक क्वचितच एका लिपीत असतो. स्वॉश कॅपिटल, म्हणजे शेपटीदार सजावटीचं मोठं अक्षर, शब्दाच्या पहिल्या अक्षराला द्यायचं असतं. सगळा शब्द स्वॉश कॅपिटलमध्ये लावला तर ती लग्नपत्रिका न होता गुंता होतो. पोर्तुगीज नावांत वेगळा अडथळा आहे. ‘साओ तोमे’ किंवा ‘कॉन्सेसांव’ मूळ रोमन लिपीत लिहिताना ए वर टिल्ड (नागमोडी रेघ) येतो, सी खाली सेडिला (छोटी शेपटी). फॉन्टच्या साध्या ए ला टिल्ड असतो, पण सजवलेल्या पर्यायी ए ला बहुधा काढलेलाच नसतो. स्वॉश लावलं की एकतर अक्षर साधंच राहतं किंवा टिल्ड शेपटीवर आदळतो. चिन्ह टाकून देऊन सोय करू नका, ते त्या घराचं नाव आहे. पर्यायी रूप दुसऱ्या अक्षराला द्या, किंवा आउटलाइन करून टिल्ड हाताने बसवा. पणजीतल्या फोंतेइन्हाससारख्या भागातल्या निळ्या-पांढऱ्या टाइलच्या नावपाटीसाठी काम असेल तर टाइलचे सांधे आधी आखून घ्या. ६ इंची टाइल असेल तर दर ६ इंचांवर सांध्याची रेघ येणार. बारीक शेपटी त्या रेघेच्या बाजूने धावली तर सिमेंटात नाहीशी होते, आडवी ओलांडली तर निभते.

मेन्यूकार्डात पर्यायी आकडे हाच खरा उपयोगाचा भाग. अनेक फॉन्टांत आकड्यांचे चार प्रकार असतात: समउंचीचे आणि वर-खाली होणारे, त्यातही समरुंदीचे आणि मोकळे. किमतीच्या रकान्यासाठी टॅब्युलर लायनिंग, म्हणजे समउंची आणि समरुंदी, नाहीतर थाळीचे १८० आणि सुक्याचे २११ एकाखाली एक बसत नाहीत. देवनागरी ओळीत रोमन आकडे घ्यायचेच असतील तर वर-खाली होणारे टाळा, शिरोरेषेखाली ते बुटके दिसतात.

इन्स्टाग्रामवर नाव नक्षीदार दिसावं म्हणून जी तयार अक्षरं देणारी संकेतस्थळं आहेत, ती फॉन्टची पर्यायी अक्षरं नव्हेत. ती युनिकोडमधली गणितासाठीची चिन्हं आहेत. शोधल्यावर नाव सापडत नाही आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्याचा फोन ते नीट वाचूही शकत नाही.

वेबसाइटवर खरी पर्यायी अक्षरं हवी असतील तर फॉन्टची पूर्ण फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. गूगल फॉन्ट्सच्या लिंकवरून येणारी फाइल हलकी व्हावी म्हणून छाटलेली असते, त्यात स्टायलिस्टिक सेट गळालेले असू शकतात. संगणकावर उतरवलेल्या फाइलमध्ये दिसलेला श मग पानावर येत नाही आणि तासभर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, चूक शोधण्यात जातो.